आपल्यातला की बाहेरचा?

पुनावळ्याचा पिनकोड ४११०३३ आणि चाकणचा ४१०५०१. डावीकडून वाचत गेलं तर पहिले दोन आकडे जुळतात आणि तिसऱ्यावर वाटा फुटतात. पत्रांची वर्गवारी करणाऱ्याने पुनावळ्याचा भुयारी मार्ग किंवा चाकणचा तळेगाव चौक कधी पाहिलेला नसला तरी चालतं. तीन आकडे वाचले की पत्र कोणत्या पिशवीत टाकायचं ते ठरतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झालेली ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल व तार खात्यातला हा वरिष्ठ अधिकारी संस्कृतचा कवी आणि नाटककारही होता. आकड्याआकड्याने प्रदेश लहान होत जाईल आणि वाटेत कोणालाही पूर्ण नकाशा पाठ करावा लागणार नाही, अशी रचना त्यांनी सहा आकड्यांत बसवली.

आज पुनावळ्यातल्या एखाद्या उंच इमारतीत बसून चाकणच्या कारखान्यातलं ड्रॉइंग उघडणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये याच जातीची कल्पना अखंड राबत असते. ड्रॉइंग उघडतं तेव्हा ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पण 'व्हीपीएन कनेक्ट दिसतंय, शेअर ड्राइव्ह मात्र उघडत नाही' असा फोन आयटीवाल्याला जातो, तेव्हा तीच कल्पना उलगडून बघावी लागते. ती उलगडताना जे दिसतं ते मला फार विलक्षण वाटतं.

आधी अंतर बघू. पुनावळे हे ताथवडे, रावेत आणि मारुंजीच्या मधलं गाव. एका बाजूला हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क, दुसरीकडे निगडी-भोसरीचा जुना औद्योगिक पट्टा आणि पुढे नाशिक रस्त्यावर चाकण. तिथे बजाज, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ यांचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान उद्योग. रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर. वाहतूक कोंडीत या प्रवासाला किती वेळ लागेल हे इथला माणूस छातीठोकपणे सांगू शकत नाही. काचेच्या तंतूतला प्रकाश मात्र सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्याला तीस किलोमीटरसाठी सेकंदाचा साडेसहा हजारावा भाग पुरतो. दोन्ही टोकांचे इंटरनेट पुरवठादार वेगळे असले, तर माहिती मुंबईला वळसा घालूनही येऊ शकते. तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पोहोचते. म्हणजे अंतर ही अडचण कधीच नव्हती. अडचण असते ती पत्त्याची.

इंटरनेटवरचा नेहमीचा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे ३२ शून्य-एकांची ओळ. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये तो ठरला तेव्हा त्यातून ४२९ कोटींहून थोडे जास्त पत्ते तयार होत होते. वाचायला सोपं जावं म्हणून या ओळीचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून आपण त्या आकड्यांत लिहितो, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१०. या ओळीचा डावा भाग वस्ती सांगतो आणि उजवा भाग त्या वस्तीतलं घर. वस्ती कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं, ही रेघ हवी तिथे आखण्याची सोय १९८५ मध्ये आली. अशा प्रत्येक वस्तीला सबनेट म्हणतात आणि रेघ दाखवणाऱ्या आकड्याला सबनेट मास्क.

मास्कचं गणित इतकं छोटं आहे की विश्वास बसत नाही. २५५.२५५.२५५.० म्हणजे आधी चोवीस एक आणि मग आठ शून्यं. पत्त्याच्या ओळीखाली मास्कची ओळ मांडायची. खाली एक असेल तिथला वरचा बिट ठेवायचा, शून्य असेल तिथला पुसायचा. उरते ती वस्ती. संगणक आपल्या पत्त्यावर ही क्रिया करतो, समोरच्याच्या पत्त्यावरही करतो आणि दोन उत्तरं ताडून बघतो. जुळली तर समोरचा आपल्यातला, नाही जुळली तर बाहेरचा.

सगळं नेटवर्क या एका प्रश्नावर उभं आहे. समोरचा आपल्यातला निघाला, तर संगणक स्वतःच्या वस्तीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, 'हा पत्ता कोणाचा?' ज्याचा असेल तो उत्तर देतो आणि माहिती थेट त्याच्याकडे जाते. बाहेरचा निघाला, तर संगणक काहीही शोधत नाही. तो माहितीचं पॅकेट गेटवेच्या, म्हणजे वेशीवरच्या राउटरच्या हवाली करतो आणि मोकळा होतो. तो राउटर आपल्याजवळची यादी बघून पुढच्या राउटरकडे देतो, तो त्याच्या पुढच्याकडे. पुनावळ्यापासून चाकणपर्यंतचा पूर्ण रस्ता या साखळीत एकालाही ठाऊक नसतो. प्रत्येकाला फक्त पुढचं पाऊल माहीत असतं, आणि तेवढ्यावर जगभरातली माहिती योग्य जागी पोहोचते.

आता एक गुंतागुंत. ४२९ कोटी पत्ते जगाला पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये पाच अभियंत्यांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्याने पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता, स्वतःच्या भिंतींच्या आत वापरावेत आणि इंटरनेटवर मात्र ते चालू नयेत, असा नियम झाला. घरचा राउटर बाहेर जाताना या पत्त्यांऐवजी स्वतःचा एकच सार्वजनिक पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ते कोणाचं हे लक्षात ठेवून आत पोहोचवतो. पुनावळ्यातल्या एका सोसायटीत शेकडो घरांतल्या शेकडो टीव्ही-फोनचा पत्ता १९२.१६८.१.५ असू शकतो, आणि कोणाचंच काही अडत नाही.

अडतं ते दोन बंद आवारांना एकमेकांशी बोलायचं असेल तेव्हा. मार्च २०२० मध्ये हे एकदम सगळ्यांच्या वाट्याला आलं. त्याच महिन्यात पुण्यात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. आयटी आणि बीपीओ कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं म्हणून दूरसंचार विभागाने त्याआधीच काही अटी शिथिल केल्या होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यातल्या बऱ्याचशा कायमच्या गेल्या. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांकडे दूरस्थ कामाची व्यवस्था आधीपासून होती. चाकण, भोसरी, चिखली, तळवड्यातल्या कितीतरी लहान कारखान्यांत मात्र एक सर्व्हर, एक राउटर आणि अधूनमधून येणारा आयटीवाला एवढंच असतं. अशा ठिकाणी घर आणि कारखाना जोडायला उपयोगी पडतं ते व्हीपीएन.

व्हीपीएन म्हणजे पॅकेटच्या पोटात पॅकेट. आतल्या पॅकेटवर कारखान्यातला खासगी पत्ता असतो. ते कुलूपबंद करून बाहेरच्या पॅकेटमध्ये ठेवलं जातं आणि त्यावर कारखान्याचा सार्वजनिक पत्ता लावतात. वाटेतल्या राउटरांना फक्त बाहेरचा पत्ता दिसतो. हे कुलूप लावण्यासाठी दोन्ही टोकांकडे एकच किल्ली हवी. ती उघड्या वाटेवरून, कोणीही ऐकत असताना, कोणालाही न कळता कशी ठरवायची याची युक्ती व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. दोन अनोळखी यंत्रं सगळ्यांसमोर बोलत बोलत एक गुपित तयार करतात आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. हे गणिताने शक्य आहे याचं मला आजही नवल वाटतं. टाळेबंदी सुरू होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा २९ मार्च २०२० रोजी लिनक्सची ५.६ ही आवृत्ती आली आणि वायरगार्ड हे आटोपशीर व्हीपीएन लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. जेसन डोनेनफेल्ड यांनी त्यावर कित्येक वर्षं काम केलं होतं. त्या काळात शेकडो कचेऱ्या ज्या साधनाच्या शोधात होत्या, ते नेमकं त्या आठवड्यात आणखी सहज हाताशी आलं.

तर टनेल, म्हणजे व्हीपीएनची ही बंद वाट, तयार आहे आणि पडद्यावर 'कनेक्टेड' दिसतंय. तरी ड्राइव्ह उघडत नाही. असं का होतं?

सगळ्यात चकवणारं कारण आधी घेऊ. समजा कारखान्याचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि पुनावळ्यातल्या घराचा राउटरही १९२.१६८.१ हीच वस्ती वापरतो. बाजारातल्या कित्येक राउटरांवर कारखान्यातून बाहेर पडतानाच हा आकडा बसवलेला असतो. लॅपटॉप आपला नेहमीचा प्रश्न विचारतो, आपल्यातला की बाहेरचा? गणित उत्तर देतं, आपल्यातला. मग तो चाकणचा सर्व्हर पुनावळ्याच्या दिवाणखान्यात शोधू लागतो. टनेल सुस्थितीत असतो, पण त्यात कोणी काही टाकतच नाही. लॅपटॉपने काहीही चूक केलेली नसते, त्याला मिळालेल्या माहितीवर ते उत्तर अगदी बरोबर असतं.

यावर एक सुंदर तोड आहे. राउटरच्या यादीत दोन नोंदी लागू पडत असतील, तर जी अधिक नेमकी तीच चालते, असा नियम आहे. २५६ पत्त्यांच्या वस्तीची नोंद आणि एकाच पत्त्याची नोंद समोरासमोर आल्या, तर एका पत्त्याची जिंकते. 'फक्त १९२.१६८.१.१० साठी टनेल वापर' एवढी एक ओळ लॅपटॉपला सांगितली की ड्रॉइंग उघडतं. पण नेमक्या त्याच आकड्यावर घरातला प्रिंटर असला, तर तो त्या वेळेपुरता हाताबाहेर जातो. म्हणून खरा उपाय म्हणजे कारखान्याची वस्ती बदलणं.

दुसरं कारण परतीच्या वाटेचं. व्हीपीएनवरून येणाऱ्याला बहुधा वेगळ्याच सबनेटमधला पत्ता मिळतो, समजा १०.८.०.६. त्याची विनंती १९२.१६८.५०.१० वरच्या सर्व्हरपर्यंत नीट पोहोचते. सर्व्हर उत्तर लिहितो आणि विचारतो, १०.८.०.६ आपल्यातला की बाहेरचा? बाहेरचा. मग उत्तर गेटवेकडे जातं. व्हीपीएनचं यंत्र निराळं आणि गेटवे निराळा असेल, आणि गेटवेला १०.८.० ही वस्ती कुठे आहे हे कोणी सांगितलेलंच नसेल, तर तो ते उत्तर इंटरनेटच्या दिशेने पाठवतो. तिथे खासगी पत्त्यांना थारा नाही, म्हणून ते वाटेतच टाकून दिलं जातं. निरोप पोहोचला, उत्तरही निघालं, तरी पुनावळ्यातल्या माणसाला वाटतं की सर्व्हर बंद आहे. इथे गेटवेच्या यादीत एक ओळ घालावी लागते: १०.८.० साठीची माहिती व्हीपीएनच्या यंत्राकडे दे.

याचंच एक भावंड अधिक हुलकावणी देणारं आहे. सर्व्हरवर गेटवेचा रकाना रिकामा राहिलेला असतो किंवा मास्क चुकीचा भरलेला असतो. कारखान्यातल्या सगळ्यांना तो वर्षानुवर्षं व्यवस्थित दिसतो, कारण ते त्याच वस्तीतले. त्यांच्यासाठी गेटवेची गरज कधी पडलेलीच नसते. ज्या दिवशी पहिला माणूस वेशीबाहेरून हाक मारतो, त्या दिवशी कळतं की या सर्व्हरला बाहेरचं जग असल्याचं कधी सांगितलंच नव्हतं. जवळच्यांना कधीही न दिसणारा दोष फक्त दूरच्या माणसाला दिसतो. 'इथे तर चालतंय' हे कारखान्यातलं उत्तर आणि 'इथे नाही चालत' ही घरातली तक्रार, दोन्ही शंभर टक्के खरी असतात.

तिसरं कारण राखणदाराचं. लहान कार्यालयातल्या विंडोज संगणकावर नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून निवडलेलं असेल, तर फाइल आणि प्रिंटर शेअर करायचे त्याच्या फायरवॉलचे मूळ नियम फक्त स्वतःच्या सबनेटमधल्यांना आत घेतात. पिंगलाही, म्हणजे 'आहेस का?' या हाकेलाही, तोच नियम. म्हणून दुसऱ्या सबनेटमधून पिंगला उत्तर आलं नाही, तरी संगणक बंद आहे असं समजू नये. तो जागा असतो आणि सांगितल्याप्रमाणे गप्प बसलेला असतो. त्या नियमात व्हीपीएनची वस्ती जोडली की दार उघडतं. घाईत पूर्ण फायरवॉलच बंद करणं हा मात्र धोक्याचा मार्ग आहे.

चौथं कारण नावांचं. ऑफिसात बसून सर्व्हरचं नुसतं नाव टाइप केलं की तो सापडतो. कारण नावांची नोंद ठेवणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, नसेल तर विंडोज त्या नावाने आपल्या वस्तीत हाक मारतो. राउटर मात्र अशी हाक वेशीपलीकडे जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर जगभरच्या हाका एकमेकींत मिसळल्या असत्या. नावाऐवजी आकडी पत्ता टाकून बघावा. ड्राइव्ह उघडला तर रस्ता ठीक आहे, फक्त नाव सांगणारा कोणी नाही.

पाचवं कारण मला सगळ्यात अद्भुत वाटतं. लॉगिन होतं, फोल्डरमधली यादी दिसते, पण मोठं ड्रॉइंग उघडायला गेलं की सगळं गोठतं. आपल्या नेहमीच्या नेटवर्कवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइटची. पॅकेटच्या पोटात पॅकेट ठेवायचं तर वेष्टनालाही जागा लागते, म्हणून वायरगार्ड आतल्या पॅकेटला साधारणपणे १४२० बाइटांवरच थांबवतो. वाटेत कुठे मर्यादा त्याहून लहान असली, तर तिथल्या राउटरने 'हे फार मोठं आहे, लहान करून पाठव' असा निरोप उलट धाडायचा असतो. पण काही ठिकाणी फायरवॉल असे निरोप सरसकट अडवते. मग छोटी पॅकेट सुखाने जातात, मोठी हरवतात, आणि पाठवणाऱ्याला त्यामागचं कारण कधीच कळत नाही. टनेलची मर्यादा थोडी खाली आणली की गोठलेलं ड्रॉइंग चालू लागतं.

मग शोधायचं कसं? पायरीपायरीने, जवळून दूर. आधी घरचा गेटवे उत्तर देतो का. मग टनेलचं पलीकडचं टोक, मग सर्व्हरचा आकडी पत्ता, मग त्याचं नाव आणि शेवटी मोठी फाइल. प्रत्येक पायरीवर संशयितांची यादी आखडत जाते. यातलं पहिलं हत्यार पिंग. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. दुसरं ट्रेसराउट, व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रचलेलं. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला कळवतो. चुकलेली पॅकेट अनंतकाळ फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही तजवीज. जेकबसन यांनी मुद्दाम एकच पाऊल चालेल असं पॅकेट सोडलं, मग दोन पावलांचं, मग तीन. प्रत्येक पॅकेट जिथे संपलं तिथल्या राउटरने आपला पत्ता कळवला. ज्या रस्त्याचा नकाशा कोणाकडेच नव्हता, तो अशा अपयशाच्या निरोपांतून कागदावर उतरला.

एक अडथळा आयटीवाल्याच्याही हातात नसतो. सार्वजनिक पत्ते संपत आल्यावर, एप्रिल २०१२ मध्ये पुरवठादारांसाठी १००.६४ पासूनचा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा आणखी एक पट्टा राखला गेला. लहान कारखान्याच्या ब्रॉडबँडच्या राउटरला बाहेरच्या बाजूने असा पत्ता मिळाला असेल, तर बाहेरून कोणी त्याचं दार ठोठावूच शकत नाही, कारण तो पत्ता फक्त पुरवठादाराच्या आवारात अर्थपूर्ण असतो. तिथे पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो, किंवा कारखान्याने स्वतःच बाहेरच्या एखाद्या यंत्रापर्यंत टनेल काढावा लागतो. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, ही टंचाईच नाही. तिथे एकेका घरालाही कोट्यवधी पत्ते मिळतात.

या सगळ्या दोषांकडे एकत्र बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. यातलं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. लॅपटॉप, सर्व्हर, गेटवे, फायरवॉल, प्रत्येकाने आपल्याजवळच्या माहितीवर प्रामाणिक उत्तर दिलं. फक्त कोणाची तरी माहिती एका ओळीने अपुरी होती. म्हणून पुनावळ्यातून फोन करणाऱ्याने आणि चाकणमध्ये फोन घेणाऱ्याने एकमेकांवर अविश्वास दाखवू नये. ही ओळ कोणत्या यंत्राला माहीत नाही, हे दोघांनी मिळून शोधावं. सगळं कोणालाही माहीत नसताना सगळं चालावं, ही या रचनेची थोरवी आहे, आणि तिचे दोषही त्याच गुणातून येतात.

१९९६ च्या त्या टिपणात लेखकांनी एक आग्रहाची सूचना करून ठेवली होती. खासगी पत्ते निवडताना राखीव पट्ट्यांतून कोणताही आकडा स्वैर उचला, नाहीतर उद्या दोन आवारं जोडायची वेळ आली तर आकडे एकमेकांवर आदळतील. तेव्हा भारतातलं जाहीर इंटरनेट जेमतेम सहा महिन्यांचं होतं. चाकणला नवं वर्कशॉप थाटणाऱ्याने, किंवा असलेल्या वर्कशॉपचा राउटर बदलणाऱ्याने, ती सूचना आज पाळावी. १९२.१६८.१ सोडून १०.७३.१८४ सारखी कोणाच्या सहसा मनात न येणारी वस्ती निवडावी आणि ती सर्व्हरजवळच्या वहीत लिहून ठेवावी. दहा मिनिटांचं काम आहे. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा लॅपटॉप त्यानंतर तोच जुना प्रश्न विचारेल, आणि त्याला मिळणारं उत्तर खरं असेल.